तुंबलेली शाई आणि सुटलेली सवय

जून उजाडला की अनेक मराठी घरांतील एक यंत्र जागे केले जाते आणि नेमके त्याच वेळी ते असहकार पुकारते. एप्रिलमधील परीक्षांचे काम संपल्यावर शिक्षकाने त्या प्रिंटरवर कापड टाकलेले असते. मे महिना गावाकडे किंवा लग्नकार्यात निघून जातो. शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी वेळापत्रक छापावयास घ्यावे, तर अक्षरांच्या मधून पांढऱ्या रेघा धावत असतात, निळ्याच्या जागी गुलाबी उमटते आणि काळा रंग तर मुळीच उतरत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी कागदपत्रे छापणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि घरी बसून कार्यालयाची थकलेली कामे उरकणाऱ्या कारकुनाचा अनुभवही याहून वेगळा नसतो. यंत्र दुकानात नेले की निदान ठरलेले असते: "हेड गेले. नवे हेड घालण्यापेक्षा नवा प्रिंटरच घ्या."

हे निदान कधी खरे असते, पण पुष्कळदा ते घाईचे असते. ज्याने पगारातून पैसे बाजूला टाकून ते यंत्र घेतलेले असते त्याला त्या निदानाची परीक्षा करण्याचे कोणतेही साधन नसते, हीच खरी अडचण आहे. छापणाऱ्या शीर्षाचा, म्हणजे प्रिंट हेडचा, बिघाड हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या मालकीची वस्तू कशी चालते हे जाणण्याचा आणि ती पुन्हा चालती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

थेंबाची करामत

शाईचा फवारा मारून छापणाऱ्या यंत्राचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. छापणाऱ्या शीर्षाच्या तळाशी केसाच्या जाडीहूनही लहान अशी शेकडो छिद्रे ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक छिद्रातून शाईचा सूक्ष्म थेंब कागदावर फेकला जातो. घरगुती यंत्रांत हा थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब फेकण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत छिद्रामागचा इवलासा तापक क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा धरतो आणि तो बुडबुडा पुढच्या शाईला बाहेर ढकलतो. दुसरीत विजेच्या दाबाने वाकणारा एक स्फटिकजन्य पडदा शाईला चिमटा घेतो; तेथे उष्णतेचे काम नसते.

पहिल्या रीतीचा शोध योगायोगाने लागला. जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तापलेली डाख देण्याची कांडी शाईने भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एन्दो यांनी त्या अपघाताचा अर्थ ओळखला. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे संशोधकही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. त्यांचे 'थिंकजेट' यंत्र १९८४ मध्ये बाजारात आले. दुसऱ्या रीतीचा पाठपुरावा प्रामुख्याने एप्सन कंपनीने केला. आज भारतीय घरांत जी यंत्रे आढळतात ती बहुतेक या दोन वंशांपैकी एका वंशाची आहेत.

छिद्र इतके सूक्ष्म असल्यावर शाई त्यात वाळणे हा यंत्राचा गुन्हा नव्हे, तो निसर्गाचा धर्म होय. शाईचा मोठा भाग पाण्याचा असतो. ती लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखी ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये तीत घातलेली असतात. तरीही विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर न वापरलेल्या यंत्रात पाणी उडून जाते आणि मागे घट्ट राळ उरते. अनेक यंत्रांतील काळी शाई विरघळलेल्या रंगाची नसून पाण्यात तरंगणाऱ्या रंगकणांची असते. त्यामुळे ती पाण्याने व उजेडाने सहसा फिकी पडत नाही, पण तुंबण्यात मात्र पहिला मान तिचाच. ज्या पिढीने शाईचे फाउंटन पेन वापरले तिला यात नवल वाटू नये. सुट्टीनंतर पेन उतरत नसे तेव्हा कोणी नवे पेन आणावयास धावत नसे; निब कोमट पाण्याच्या वाटीत घालून ठेवत आणि थोड्या वेळाने पेन लिहू लागे. यंत्र बदलले, पण वाळलेल्या शाईचा स्वभाव बदललेला नाही.

आधी निदान, मग उपचार

तुंबलेल्या यंत्रावर सर्वांत जास्त अत्याचार होतो तो सफाईच्या नावाखाली. पडद्यावर 'हेड क्लीनिंग' असे शब्द दिसतात. ते एकदा दाबून काम झाले नाही की माणूस पाच वेळा, दहा वेळा दाबतो. प्रत्येक सफाईत एक छोटा पंप छिद्रांतून शाई ओढून घेतो आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या गादीत सोडून देतो. म्हणजे छापण्यासाठी विकत घेतलेली शाई कागदावर न पडता गादीत मुरते. ही गादी भरत आल्याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवते आणि मर्यादा ओलांडली की छापणेच थांबवते. उपचाराने रोग वाढावा असाच हा प्रकार.

म्हणून पहिली पायरी निदानाची. प्रत्येक यंत्रात छिद्रांच्या तपासणीचा नमुना छापण्याची सोय असते आणि तिला शाई अत्यल्प लागते. त्या नमुन्यातील रेघा नीट पाहिल्या तर अर्धे उत्तर मिळते. दोनचार रेघा तुटलेल्या असतील आणि पुनःपुन्हा त्याच जागी तुटत असतील, तर तेवढी छिद्रे वाळली आहेत. तुटीच्या जागा दर वेळी बदलत असतील तर शाईत हवा शिरली असण्याचा संभव अधिक. अशा वेळी यंत्राला काही तास स्वस्थ ठेवणे हाच उत्तम उपाय. एखादा रंग समूळ नाहीसा झाला असेल तर आधी टाकीतील शाईची पातळी, नव्या कार्ट्रिजवरील न काढलेली चिकटपट्टी आणि हवा येण्याचे बुजलेले छिद्र पाहावे. नमुना संपूर्ण आणि स्वच्छ असूनही अक्षरे दुहेरी वा नागमोडी दिसत असतील तर शीर्ष तुंबलेलेच नाही. ते जुळवून घेण्याची, म्हणजे 'अलाइनमेंट'ची, गरज आहे. हा भेद न करता सफाईचे बटण दाबत राहणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. यंत्र बंद असताना शीर्ष एका कोपऱ्यात रबरी कडांच्या टोपीवर विसावते. ही टोपी छिद्रांना झाकून ओलावा राखते आणि सफाईच्या वेळी पंपाची ओढ तिच्यातूनच छिद्रांपर्यंत पोहोचते. टोपीच्या कडेवर शाईची पुटे चढली की ती घट्ट बसत नाही. मग पंप शाईऐवजी बाहेरची हवा ओढतो आणि कितीही सफाई केली तरी फळ शून्य. धागे न सोडणाऱ्या ओल्या फडक्याने ही कड हलक्या हाताने पुसून घेतली आणि टोपीत ऊर्ध्वपातित पाण्याचे काही थेंब सोडले, तर 'हेड गेलेली' कित्येक यंत्रे पुन्हा बोलू लागतात. हे पाणी औषधांच्या किंवा मोटारीच्या बॅटऱ्यांच्या दुकानात मिळते. नळाचे पाणी मात्र वापरू नये. त्यातील क्षार त्या सूक्ष्म छिद्रांत बसले तर एक अडथळा जाऊन दुसरा यावयाचा.

पुढचा उपचार यंत्राच्या जातीवर अवलंबून असतो. कित्येक स्वस्त यंत्रांत शीर्ष कार्ट्रिजलाच जडवलेले असते. तेथे कार्ट्रिज काढून, कोमट पाण्याने ओलसर केलेल्या फडक्यावर त्याची छिद्रांची बाजू मिनिट-दोन मिनिटे टेकवावी. फडक्यावर रंगाचे स्पष्ट पट्टे उमटले की वाट मोकळी झाली असे समजावे. काही यंत्रांत शीर्ष स्वतंत्र असते आणि बाहेर निघते. ते उथळ बशीतील कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात केवळ तळापुरते बुडवून ठेवता येते. पण परत बसवण्यापूर्वी विजेच्या जोडणीचे तांबूस ठिपके पूर्ण कोरडे झालेच पाहिजेत. त्यासाठी एक दिवस थांबावे लागले तरी थांबावे. ओले शीर्ष घाईने बसवले तर शीर्षाबरोबर यंत्राचे विद्युत्फलकही जळू शकते. ज्या यंत्रांत शीर्ष कायमचे बसवलेले असते, आणि शाईच्या टाक्या असलेली अनेक यंत्रे या जातीची आहेत, तेथे एक किंवा दोन वेळा सफाई करून यंत्र रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा नमुना छापून पाहावा. वाळलेली शाई नव्या शाईनेच सावकाश विरघळते. रात्रभराच्या विश्रांतीने जे साधते ते दहा सफायांनी साधत नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळावयास हव्यात. छिद्रांत टाचणी वा सुई घालणे म्हणजे दुरुस्तीची आशाच संपवणे होय. पिचकारीने जोराचा दाब दिल्यास आतले पातळ पडदे फाटतात. तापकाच्या जातीच्या यंत्रात शाई संपलेली असताना छापत राहिल्यास तापक जळतात, कारण त्यांना थंड ठेवण्याचे काम शाईच करीत असते. आणि एवढे सर्व करूनही तीनचार दिवसांत नमुना तिळमात्र सुधारला नाही, किंवा एका रंगाची सलग पट्टी नेमकी तेवढीच गायब राहिली, तर बिघाड विजेचा आहे असे मानून हात आवरावा. घरगुती उपायांची हद्द कोठे संपते हे ओळखणे हाही दुरुस्तीच्या शहाणपणाचाच भाग आहे.

प्रतिबंध तर याहूनही सोपा. आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एखादे छोटे पान छापावे. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे, म्हणजे शीर्ष टोपीवर जाऊन बसते. कार्यालयात सायंकाळी मुख्य खटका खाली ओढण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे छापता छापता थांबलेले शीर्ष रात्रभर उघडे राहते. आणि ज्याला महिन्यातून केवळ चार काळी पाने छापावयाची आहेत त्याने शाईचे यंत्र घेण्याऐवजी कोरड्या भुकटीवर चालणाऱ्या लेझर प्रिंटरचा विचार करावा; भुकटी वाळण्याचा प्रश्नच येत नाही.

कोंबडी आणि मसाला

आता प्रश्न असा उरतो की, एवढे साधे ज्ञान ग्राहकापर्यंत पोहोचत का नाही? त्याचे उत्तर तंत्रात नसून व्यापारात आहे. यंत्र स्वस्तात द्यावे आणि शाई महाग विकावी, ही या उद्योगाची जुनी रीत. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जणू याच व्यवहारासाठी जन्मली असावी. ग्राहकाने कार्ट्रिज पुन्हा भरून घेऊ नये म्हणून तीत इलेक्ट्रॉनिक चकत्या बसवण्यात आल्या. अलीकडे शाईच्या मोठ्या टाक्या असलेली यंत्रे आली आणि पानामागे लागणारा शाईचा खर्च पुष्कळ खाली आला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे शीर्ष यंत्रातच जखडलेले असल्याने ते बिघडले की सारा भार पुन्हा ग्राहकावर येतो. तळाची गादी ही खरे तर बदलण्याजोगी साधी वस्तू. तरीही कित्येक यंत्रांत ती बदलल्यावर हिशेबाचा आकडा शून्यावर आणण्याची किल्ली मालकाच्या हाती नसते.

उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ नाही. हलक्या शाईने शीर्षे खराब होतात आणि त्याचा दोष मात्र कंपनीच्या नावावर येतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. अर्धवट माहितीने यंत्र उघडणारा त्याची अधिक हानी करतो, हेही खरे. परंतु अर्धवट माहितीवरचा उपाय माहिती लपवणे हा नसून ती पूर्ण देणे हा आहे. टोपी कशी पुसावी, गादी कोठे असते, शीर्ष कसे काढावे, हे मार्गदर्शिकेत सचित्र छापले तर अडाणी दुरुस्ती आपोआप कमी होईल. सुटे शीर्ष रास्त किमतीला मिळू लागले तर नव्या यंत्राचा खप थोडा घटेल, हीच खरी धास्ती असेल तर ती तशी उघडपणे मांडली जावी.

हा वाद नवा नाही, आणि एकट्या भारताचाही नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सच्या एका लेझर प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांना कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी अशी सुधारणा त्याच्या आज्ञावलीत करावयाची होती. पण आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली. या अनुभवाने त्यांना अस्वस्थ केले आणि १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या मुक्त आज्ञावलींच्या चळवळीच्या मुळाशी त्या अस्वस्थतेचा मोठा वाटा होता. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला की, एकदा कार्ट्रिज विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. ग्राहकाने ती पुन्हा भरली वा भरून विकली, तर पेटंटच्या आधारे कंपनीला ते रोखता येणार नाही. विकलेली वस्तू विकत घेणाऱ्याची, हे तत्त्व इतके साधे असूनही ते सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने असे चार वर्ग त्यासाठी निवडण्यात आले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काही ठरावीक वस्तूंपुरता का होईना, पण दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. दिशा योग्य आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणे ही उत्पादकाची मर्जी असेल तोवर हक्क हा शब्द कागदावरच राहील. शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या घरातील प्रिंटर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. त्याचे सुटे भाग, दुरुस्तीची मार्गदर्शिका आणि ते किती वर्षे मिळत राहतील याची हमी खरेदीच्या वेळीच लेखी मिळाली पाहिजे.

याला आणखी एक बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. भारताचे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत प्रिंटर व त्यांच्या कार्ट्रिजचाही समावेश आहे. हे नियम वस्तू मेल्यानंतरच्या व्यवस्थेचे आहेत. ती अकाली मरू नये यासाठीची व्यवस्था त्याहून स्वस्त आणि त्याहून शहाणपणाची ठरेल.

सवयीचा प्रश्न

कायद्याने हक्क मिळेल. पण तो वापरण्याची सवय समाजाला स्वतःच जोपासावी लागते. काही दशकांपूर्वीचा कारकून आपल्या टंकलेखन यंत्राची अक्षरे भरली की ब्रशने आणि पिनेने स्वतः साफ करी. शाळेत प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल यंत्रावर काढणाऱ्या शिक्षकाला स्टेन्सिल कोठे फाटला आणि शाई कोठे जास्त झाली हे नजरेने कळे. त्यांपैकी कोणी अभियंता नव्हता. यंत्र उघडे होते, म्हणून त्याच्याशी ओळख होती, आणि ओळख होती म्हणून भीती नव्हती. आज यंत्र प्लास्टिकच्या कवचात बंद झाले आहे आणि त्याबरोबर माणसाची जिज्ञासाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अजूनही असे कारागीर बसतात की जे 'मेलेले' यंत्र हातात घेतात, कान देऊन त्याचा आवाज ऐकतात आणि मगच बोलतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि त्यांच्यानंतर ते कोणाकडे जाईल याचीही शाश्वती नाही.

शाळांनी या बाबतीत पुष्कळ करण्यासारखे आहे. विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण, बाष्पीभवन, पृष्ठताण ही प्रकरणे असतात. त्यांचा प्रत्यक्ष धडा शाळेच्याच कार्यालयात धूळ खात पडलेल्या प्रिंटरमध्ये असतो. कार्यानुभवाच्या एका तासाला ते यंत्र वर्गात आणावे, वीज तोडून त्याचे झाकण उघडावे, मुलांनी नमुन्यातील तुटलेल्या रेघा मोजाव्यात, टोपी पुसावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजाव्यात. निरीक्षण, तर्क, प्रयोग आणि पडताळा ही शास्त्राची चारही अंगे त्या दोन दिवसांत मुलांच्या हाताखालून जातील. उपचार साधला तर शाळेचे पैसे वाचतील. न साधला तरी मुलांचे शिक्षण वाया जाणार नाही.

छापणारे शीर्ष तुंबले म्हणून कोणाचे आयुष्य अडत नाही. पण उद्या सकाळी वर्गात वेळापत्रक लावावयाचे असते, प्रवेशाची मुदत पाच वाजता संपणार असते, आणि महिनाअखेरीस नव्या यंत्रासाठी पैसे काढणे ही मध्यमवर्गीय घरात सोपी गोष्ट नसते. अशा वेळी कोमट पाण्याची वाटी, एक स्वच्छ फडके आणि रात्रभराचा धीर यांनी काम भागत असेल, तर ते माहीत असणे हा ग्राहकाचा हक्क होय आणि ते माहीत करून देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य. "हेड गेले" हा दुकानातला निकाल अंतिम मानण्यापूर्वी मालकाने तपासणीचा एक कागद स्वतः छापून, उजेडात धरून पाहिला, तरी सुटलेली सवय परतण्यास तेवढी सुरुवात पुरेशी आहे.